नाक्यावरची रायण आणि टाइल्सचा पार

आधी तारखा आणि माणसे, म्हणजे पुढे वाद नको.

मे २०१४: डहाणूजवळच्या सरावलीच्या नाक्यावरची रायण फळांनी लगडलेली मी स्वतः पाहिली आणि खाल्ली.
२०१६ ची दिवाळी झाल्यावर: त्या झाडाभोवती टाइल्सचा पार बांधण्यात आला.
मे २०१७: फळ नावापुरते. त्या वर्षी डोळ्याच्या शस्त्रक्रियेमुळे मी गेलो नव्हतो, फोनवर समजले.
मे २०१८: फळ नाही.

जबाबदार व्यक्ती. एक, आळीच्या सुशोभीकरण मंडळाचे अध्यक्ष सुरेशभाई. दोन, निधी देणारे आणि झाडाकडे वर न पाहता फीत कापून गेलेले लोकप्रतिनिधी. तीन, ठेकेदार, ज्याने खोडाभोवती गुडघाभर भराव घालून वर फरशी ठोकली. चार, माझी सख्खी थोरली बहीण अक्का. नारळ तिने फोडला.

हे प्रवासवर्णन आहे. तक्रार अर्ज स्वतंत्र दिला असून त्याची पोच माझ्याजवळ आहे. परंतु अर्ज वाचणाऱ्याला रायणीची चव ठाऊक नसते, आणि ती ठाऊक नसेल तर नुकसान किती झाले हे त्याला कळणार कसे? म्हणून जे डहाणूला कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. फलटण ते डहाणू रोड हा प्रवास कसा झाला ते सांगत नाही. त्यात सांगण्यासारखे काही घडले नाही.

सरावली, बिघडण्यापूर्वी

मी न्यायालयात नाझर होतो. समन्स, जप्ती, ताबा यांत माझी सारी नोकरी गेली. अक्का लग्न होऊन डहाणूकडे आली ती तिथलीच झाली. दाजी रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. त्यांनी सरावलीत दोन खोल्यांचे घर बांधले तेव्हा कैनाडच्या एका वाडीवाल्याने चिकूचे एक कलम भेट दिले. अंगण लहान, म्हणून दाजींनी ते कुंपणाच्या बाहेर, आळी रस्त्याला मिळते त्या नाक्यावर लावले. जागा ग्रामपंचायतीची. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तोच आमच्या तोंडावर फेकण्यात आला.

चिकूचे कलम रायणीच्या रोपावर बांधतात. खाली मूळ आणि बुंधा रायणीचा, वर फांदी चिकूची. खालून रायणीची फूट आली की ती खुडून टाकायची, नाहीतर ती वरच्या चिकूला उपाशी मारते. वाडीवाल्याने हे दाजींना बजावून सांगितले होते. पण दाजींना काही महिन्यांसाठी दुसऱ्या स्टेशनावर पाठवले, अक्का बाळंतपणाला फलटणला आली, आणि घराला कुलूप लागले. परत येऊन पाहतात तो चिकूची वाळून काडी झालेली आणि खालून रायणीने वीतभर डोके वर काढलेले.

आळी हसली. ज्याने त्याने उपटून टाकायचा सल्ला दिला. दाजी म्हणाले, "चिकू मेला त्यात हिचा काय दोष? आली आहे तर राहू दे."

रायण फार सावकाश वाढते. हसणारे म्हातारे झाले तेव्हा कुठे तिने फळ धरले. पुस्तकांत हिला खिरणी म्हणतात. इकडे लहानथोर सगळे रायणच म्हणतात. फळ बोटाच्या पेराएवढे, पिवळे, गुळगुळीत. दाताखाली साल फुटते आणि एका अख्ख्या चिकूची गोडी आटवून त्या पेरात भरली असावी असे वाटते. सोबत चीक असतो. ताजी चार फळे खाल्ली की ओठ एकमेकांना असे चिकटतात की बोलायला प्रयास पडतो.

दाजींनी त्या झाडाला एक रीत घालून दिली होती. हंगामातल्या पहिल्या दिवसाचे फळ झाडाखालीच बसून खायचे. एकही घरी न्यायचे नाही. झाड हलवायचे नाही, काठी लावायची नाही. वारा पाडेल ते आपले. २०१४ च्या मे महिन्यात तो दिवस मी पाहिला. दुपार कलताच आळीतली माणसे जुन्या चादरी घेऊन आली. नळावरून वर्षभर भांडणाऱ्या दोन घरांतल्या बायका एकाच चादरीचे दोन कोपरे धरून बसल्या. समुद्राकडून वारा आला की वरून टपटप, टपटप, आणि सगळ्यांचे हात एकदम खाली. तासाभरात सारी आळी मुकी झाली. ज्या नाक्यावर एरवी बोलण्यासाठी ओरडावे लागते तिथे फक्त डोळे बोलत होते. मलाही हसू आवरेना. ओठ उघडत नव्हते म्हणून ते नाकातून आले. अक्का माझ्याकडे बोट दाखवून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दाजी जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्यानंतरचे तिचे ते पहिले हसणे, असे शेजारच्या जयूबेननी मला मागाहून सांगितले.

आमच्याकडे फळझाडाला मालक असतो, कुंपण असते आणि राखण्या असतो. फलटणच्या डाळिंबाच्या बागेत परका माणूस शिरला तर कुत्रे सोडतात. त्या नाक्यावर मला प्रथमच कळले की एखाद्या झाडाला मालक नसून वाटेकरी असू शकतात, आणि तरी ते नीट राखले जाते.

सरावली, मे २०१८

रिक्षा नाक्यावर थांबली आणि मी चालकाला म्हणालो, चुकीच्या ठिकाणी आणलेस.

चौकोनी पार, तपकिरी चकचकीत टाइल्स, कडेला स्टीलचा कठडा. खोड गेरू आणि चुन्याच्या पट्ट्यांनी रंगवलेले, फांदीला खिळे ठोकून लावलेला दिवा. दर्शनी बाजूला काळ्या ग्रॅनाइटची पाटी, सोनेरी अक्षरे, आणि त्या अक्षरांत माझ्या दाजींचे नाव. "यांच्या स्मरणार्थ." खाली मंडळाचे नाव, त्याखाली लोकप्रतिनिधींचे, तेही दाजींच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत.

मी मान वर करून पाहिले. रायणीचा पाला एरवी काळपट हिरवा, दाट असतो. ऊन आत शिरत नाही. आता शेंड्याच्या फांद्या उघड्या होत्या आणि मधल्या पानांवर पिवळेपणा चढला होता. फळ एकही नव्हते.

अक्काने चहा दिला. मी विचारले, "हे केव्हा केलं?"

"तुला फोनवर सांगितलं होतं की, पार बांधला म्हणून."

"पार म्हणालीस. झाड गाडलं असं नाही म्हणालीस."

"हळू बोल. सुरेशभाईचं घर समोर आहे."

"मग मोठ्यानेच बोलायला हवं."

अक्का पंचाहत्तरी ओलांडलेली; डाव्या कानाने ऐकू येत नाही. तिने उजवा कान माझ्याकडून वळवून खिडकीकडे केला. वाद नको असला की ती हेच करते. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "ते सगळे घरी आले, बापू. दाजींचं नाव देतो म्हणाले. या आळीत आजवर कुणाचं नाव लागलं होतं? मी काय म्हणणार होते, नको? नारळ माझ्या हातात दिला. फोडला मी."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "शनिवारी पहिला दिवस करायचा आहे. तू कुठूनतरी रायणं आण."

"झाडाला फळ नाही आणि पहिला दिवस कसला?"

"गेल्या वर्षी मूठमूठ आली. या वर्षी काहीच नाही केलं तर पुढल्या वर्षी कुणी विचारणार नाही. लोक विसरतात रे. बाहेरची आण, पण झाडाखाली बसून खाऊ."

म्हणून या प्रवासाला निघालो: जिला फळ आलेले नाही अशा रायणीखाली बसून खाण्यासाठी परक्या रायणीचे फळ आणायला. माझ्या सगळ्या नोकरीत इतके संतापजनक काम मला कोणी सांगितले नव्हते.

वरोर

जयूबेन म्हणाल्या, वरोरला किनाऱ्याकडे एक जुनी रायण आहे. सकाळीच गेलो. सुरूच्या झाडांच्या रांगेपलीकडे समुद्र लांब ओसरला होता आणि ओल्या वाळूवर होड्या कुशीवर पडल्या होत्या. बांबूच्या मांडवांवर बोंबील टांगलेले. मी शाकाहारी, रुमाल नाकाला लावला तर एका कोळिणीने विचारले, "सर्दी झाली काय काका?" मी रुमाल काढला.

रायण सापडली. मोठी, हिरवीगार, खाली मोकळी माती. पण फळ संपले होते. जे उरले ते वटवाघळांनी चोखून टाकले होते आणि झाडाखाली नुसत्या तपकिरी बिया चमकत होत्या.

झाडासमोर एक बाई ताडगोळे सोलत बसली होती. तिच्या कोयत्याची धार पाहून मी अंतर राखून विचारले, "रायणं कधी संपली?"

"कालपरवा. तुम्ही कुठे होता?"

"फलटणला."

"मग तिथूनच उशीर केलात." तिने एक गोळा माझ्यापुढे धरला. "हे घ्या. रागावलेल्या माणसाला हेच बरं."

"मी रागावलोय हे कोणी सांगितलं?"

"झाडाकडे असं बघताय, जसं काय त्यानेच तुमचं खाल्लं."

मी ताडगोळे खाल्ले. तो पारदर्शक गर, आतले थंड पाणी, तळव्यावरून मनगटाकडे जाणारा ओघळ. किती खाल्ले ते सांगत नाही. बाई म्हणाली, "बस करा आता, पोट धरून जाल." एवढे मान्य करतो की त्या पाऊण तासात मला सुरेशभाईंची आठवण आली नाही. परतीच्या वाटेवर आली.

कैनाड

दुसऱ्या दिवशी कैनाड. ज्या वाडीतून दाजींना कलम मिळाले होते, तिथे आता त्या वाडीवाल्याचा मुलगा कारभार पाहतो. तोही साठीचा आहे. दुतर्फा चिकूची झाडे, घुमटासारखी गोल, खाली गार सावली आणि पाल्याचा मऊ थर. त्याने मला खुर्ची दिली. खुर्ची जांभळाखाली होती हे मला दिसले. खुर्चीवर जांभळे पडलेली होती हे दिसले नाही. पांढऱ्या पायजम्याचा मागचा भाग जांभळा करून मी पुढचा सगळा दिवस हिंडलो. न्यायालयात असे कधी झाले नव्हते.

मी त्याला विचारले, इकडे कुठे रायण मिळेल काय?

तो हसला. "काका, इथे जेवढे चिकू दिसतायत ना, त्या सगळ्यांखाली रायणच आहे. फक्त आम्ही तिला वर येऊ देत नाही." मग उठून त्याने कलमांची रांग दाखवली. प्रत्येक रोपाचा सांधा कापडी पट्टीने बांधलेला, मातीपासून चांगला वीतभर उंच. एका रोपाभोवती पाण्याने माती चढली होती ती त्याने बोलता बोलता पायाने बाजूला केली.

"हे काय केलंत?"

"बुंध्याला माती नको. साल कुजते. रायण चिवट आहे, दुष्काळ सोसेल, वारा सोसेल, पण खोडाला ओली माती चिकटून राहिली तर नाही सोसणार."

मी हात गुडघ्याशी धरला. "एवढी माती घातली तर? आणि वरून फरशी?"

त्याने माझ्या गुडघ्याकडे पाहिले. घरात जाऊन पाण्याचा तांब्या आणला, माझ्या हातात दिला. "दाजींची रायण ना? किती पावसाळे झाले?"

"एक होऊन गेला."

"मग अजून आशा आहे. या पावसाआधी मोकळी करा. फरशीच्या फटींतून पाणी आत जाईल आणि बाहेर पडायला वाट नाही. चार महिने साल भिजत राहील. याही पावसात तशीच राहिली, तर पुढल्या वर्षी मला विचारायला येऊ नका."

ही गोष्ट मी अर्जात मुद्दा क्रमांक तीन म्हणून घातली आहे. तिचे उत्तर आलेले नाही. झाड तोडायचे तर परवानगी लागते हे सर्वांना माहीत आहे. झाड जिवंत गाडायला मात्र लागते ती फक्त फीत आणि नारळ, असा या मंडळींचा समज दिसतो.

निघताना त्याने जांभळांची पिशवी दिली. "पायजम्याला लागलं आहे तेवढं पुरे नाही," असे वर म्हणाला.

तलासरी

बाजाराच्या दिवशी तलासरीला गेलो. महामार्ग सोडून वाट आत वळली की टेकड्या सुरू होतात, आणि टेकडीच्या उतारावर करवंदीच्या जाळ्या. शेअर रिक्षात शेजारच्या मुलीच्या ओढणीत करवंदे होती. तिने न विचारता माझ्या तळहातावर ओंजळ ओतली. आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ आम्ही फलटणला दोन दाण्यांवर खेळलो असू. इथे अख्खी रिक्षा खेळली. मला पाच कोंबड्या लागोपाठ आल्या. "काकांचा आज जमत नाय," असा चालकाने निकाल दिला.

बाजारात पळसाच्या पानांचे द्रोण ओळीने मांडलेले. करवंदे, जांभळे, आणि एका वयस्कर वारली बाईपुढे रायणी. पिवळ्या, तुकतुकीत, देठाशी चीक अजून ओला. मी पुढे झालो.

"किलो कसे दिलेत?"

"किलो नाय. द्रोण. तू कठला?"

तिच्या तोंडी आबालवृद्धांना "तू" हे तोवर मला ठाऊक झाले होते. पहिल्या वर्षी डहाणूच्या बाजारात मी त्यावरून एकीला समज दिली होती आणि ती माझ्याकडे पाहतच राहिली होती. ही माणसे देवालाही तूच म्हणतात, आणि मग लक्षात येते की आपणही म्हणतो.

"फलटणचा," मी म्हणालो.

"तठं रायण नाय?"

"नाही."

"मग लोकां उन्हाळ्यात काय खातात?"

"डाळिंबं असतात. पण ती विकायला असतात."

ती मोकळेपणाने हसली आणि शेजारणीला तिच्या बोलीत काही म्हणाली, तीही हसली. मग मला म्हणाली, "सगळा घेतोस? कुणाचा लगीन हाय?"

मी तिला खरे ते सांगितले. झाड, पार, फरशी, बहीण. ती ऐकत होती तोवर तिचा हात द्रोणांतली फळे माझ्या टोपलीत ओतत होता. संपल्यावर म्हणाली, "झाडाला चपला कशाला घातल्या रं?"

 याचे उत्तर मी ज्यांच्याकडे मागतो आहे त्यांना ते अजून देता आलेले नाही.

तिने वर दोन मुठी घातल्या. "खाताना ओठाला तेल लाव. नायतर बायको विचारील, गप का?" माझी बायको हयात नाही हे मी तिला सांगितले नाही. टोपली मांडीवर घेऊन परतलो. वाटेत तीन जणांनी एकेक फळ मागितले आणि मी दिले. पहिल्या दिवसाचे फळ वाटेत खाऊ देणे रीतीविरुद्ध होते, पण त्या संध्याकाळपर्यंत रीतीतले उरले होते तरी काय?

सरावली, शनिवार

चादरी कुणी आणल्या नाहीत. टाइल्सवर चादरीची गरज काय? आळी पारावर चढून बसली. ऊन दिवसभर खाल्लेली फरशी तापलेली होती, म्हणून लोक एकदा या मांडीवर, एकदा त्या मांडीवर कलत होते. अक्काने टोपली मध्ये ठेवली. मी तेलाची वाटी पुढे केली, पण कुणी बोट बुडवले नाही. पहिल्या दिवशी ओठ चिकटलेच पाहिजेत अशी सगळ्यांची समजूत आहे.

सुरेशभाई आले. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. वाईट माणूस नाही. हे मी रागाच्या भरातही लिहून ठेवतो. दाजींच्या आजारपणात रात्री दवाखान्यात गाडी नेणारा हाच. त्यांनी पारावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बघितलंत ना बापूसाहेब? पूर्वी इथे चिखल असायचा. आता कुणी पण येऊन बसू शकतो."

"माणसं बसली. झाड उठलं त्याचं काय?"

"उठलं नाही हो. एखाद वर्ष रायण रुसते."

"कैनाडच्या वाडीवाल्याला विचारून आलोय. या पावसाआधी माती काढली नाही तर झाड जाईल."

"टेन्शन नका घेऊ. बैठकीत विषय घेऊ."

"बैठक कधी?"

"बघू ना. आधीच्या कामाची बिलं क्लिअर व्हायची आहेत. आणि ही पंचायतीची जागा. उद्या आपण फोडलं तर सरकारी मालमत्तेचं नुकसान होईल, तुम्ही तर कायदा जाणता."

"जाणतो म्हणूनच विचारतो. बांधताना कोणाची परवानगी घेतली होती?"

त्यांचा चेहरा उतरला. आवाज खाली आणून ते म्हणाले, आणि मला वाटते मनापासून म्हणाले, "बापूसाहेब, दाजींचं नाव आहे त्याच्यावर. नारळ अक्कांनी फोडला. आता तुम्हीच सांगा, दाजींच्या नावाचा पार पहारीने फोडायचा? आळीतलं कोण हात लावेल?"

बहुतेकांची तोंडे एव्हाना रायणीच्या चिकाने मिटली होती.  एवढ्या वर्षांत मी अनेक ताबे उठवले, अडसर कसकसे घालतात ते पाहिले. पण मेलेल्या माणसाचे नाव त्याच्याच झाडावर असे ठेवलेले प्रथमच पाहत होतो. सुरेशभाईंनी टोपलीतून मूठभर रायणी उचलल्या आणि खाऊ लागले.

अक्का उठली. मला वाटले वादाला कंटाळून घरात गेली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दाजींच्या हत्यारपेटीतला लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर होता. पाटीच्या चार कोपऱ्यांत चार स्क्रू. ती खाली वाकली आणि पहिला फिरवू लागली.

"अक्का, हे काय करता?" असे कुणीतरी तोंड बंद ठेवूनच विचारले. तिने डावा कान पुढे केला.

तिसरा स्क्रू हलेना. जयूबेन जाऊन तिच्याजवळ बसल्या, पाटीखाली पदराची झोळी धरली. "तुम्ही फिरवा अक्का, मी पकडते. पडू देणार नाही." मी पुढे झालो तर अक्काने माझा हात बाजूला केला. चौथा स्क्रू निघाला आणि पाटी पदरात आली. अक्काने तिच्यावरची धूळ हाताने पुसली, लोकप्रतिनिधींच्या नावावरची पुसली नाही, आणि मग वळली. तिने अजून एकही फळ खाल्लेले नव्हते, त्यामुळे तिला बोलता येत होते.

"नाव मी घरी नेते, सुरेश. आता हा कुणाच्याच नावाचा नाही. नारळ मी फोडला होता, त्याचं काय प्रायश्चित्त असेल ते मी करीन. पण झाड मोकळं कर. केव्हा करतोस?"

सारी आळी सुरेशभाईंकडे पाहू लागली. त्यांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला. ओठांकडे बोट दाखवले. मान हलवली, ती होकाराची की नकाराची हे मला सांगता येत नाही आणि शपथेवर तर मुळीच सांगणार नाही. मग हात जोडले आणि घरी गेले.

अक्काने पाटी कपाटामागे तोंड भिंतीकडे करून उभी केली. मग बाहेर येऊन खोडाला टेकून बसली आणि टोपलीतले पहिले फळ खाल्ले. तलासरीची रायण गोड होती. ती म्हणाली, "आपली याहून गोड," आणि नंतर तिलाही बोलता येईना.

फलटण

परत येऊन दोन आठवडे झाले. अक्काचा फोन रोज असतो. फरशी जागच्या जागी आहे. पाटीच्या जागी चार भोके आहेत. ढग समुद्रावर दिसू लागले आहेत असे जयूबेननी कळवले.

लोकप्रतिनिधींकडून मला काही नको. त्यांनी झाड पाहिलेलेच नाही. ठेकेदार दुसरीकडे दुसरे काही गाडत असेल. अक्काने तिच्या वाटची जबाबदारी सर्वांसमक्ष उचलली, म्हणून चौथे नाव मी या लेखाद्वारे वगळतो. उरले सुरेशभाई.

अध्यक्षमहाराज, मला पत्र पाठवू नका. पत्रे मी लिहितो, त्यांचे काय होते ते मला ठाऊक आहे. तुम्ही त्या नाक्यावर, त्या चार भोकांसमोर उभे राहा, आळी जमवा, आणि अक्काच्या उजव्या कानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात दिवस सांगा: माती केव्हा निघणार? त्या शनिवारी तुमचे ओठ रायणीच्या चिकाने चिकटले होते, असे मी धरून चालतो. चीक तासाभरात सुटतो. सुटला नसेल तर खोबरेल तेलाची वाटी अक्काच्या ओट्यावर अजून ठेवलेली आहे. ओठांना लावा, आणि बोला.